जबड्याची साक्ष : पानिपतचे धड, साताऱ्याचे तोतये आणि ट्रंकेत जपलेली एक फिल्म

१/
पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी संपली, पण सदाशिवरावभाऊंचे काय झाले हा प्रश्न त्या संध्याकाळी संपला नाही. विश्वासरावांचा देह ओळखू आला. भाऊंचा म्हणून जो देह प्रेतांच्या राशींतून शोधून काढण्यात आला, त्याला शिर नव्हते. आजचा धागा त्या शिरावेगळ्या देहापासून निघतो आणि सातारा, वाई, मिरज, सांगली या वाटेने जबड्याच्या एक्स-रेपर्यंत पोहोचतो. प्रश्न सर्वत्र एकच आहे : समोरचा मनुष्य किंवा समोरचा देह अमक्याचाच, हे ठरवायचे कशावरून?

२/
अवधच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा कारभारी होता. त्याने पानिपतचा वृत्तांत फारसीत लिहून ठेवला. ते धड भाऊंचेच असे कोणत्या खुणांवरून ठरले, हे त्यात नमूद आहे. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर कट्यारीचा जुना वण. मुजफ्फरखान गारद्याने पूर्वी केलेल्या हल्ल्याचा. पावलावर सामुद्रिकात शुभ मानलेल्या रेषा. हातांवर आणि गुडघ्यांवर रोजच्या सूर्यनमस्कारांनी उमटलेल्या खुणा.

३/
ही यादी दोन प्रकारच्या खुणांची आहे, हे ध्यानात घ्या. नमस्कारांचे घट्टे त्या छावणीत अनेकांच्या अंगावर असतील. ते फार तर इतके सांगतात, की हा देह नित्य व्यायाम करणाऱ्या पुरुषाचा आहे. कट्यारीचा वण मात्र एकट्या भाऊंचा. आणि तोही उपयोगी पडला तो एवढ्याचसाठी, की तो वार केव्हा झाला, कोणी केला, कोठे लागला हे भाऊ जिवंत असतानाच लोकांना ठाऊक होते. मेल्यानंतरच्या खुणेला जिवंतपणीच्या माहितीची जोड मिळाली, तेव्हाच ओळख पटली. न्यायवैद्यकाचे सारे शास्त्र आजही याच जोडीवर उभे आहे.

४/
शिर नंतर सापडले आणि त्यालाही अग्नी देण्यात आला, असे काशीराज सांगतो. पण हे सर्व घडले पुण्यापासून शेकडो कोस दूर, परक्यांच्या छावणीत. शनिवारवाड्यातील कोणीही तो चेहरा पाहिला नव्हता. त्यामुळे संशयाला जागा उरली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणातून वाचून परत आल्या. पती हयात आहेत या श्रद्धेने त्या सौभाग्यचिन्हे लेवून राहिल्या, असे सांगितले जाते. त्यांचे निधन १७८३ साली झाले. बावीस वर्षे एका घरात मृत्यूची निश्चिती झालीच नाही.

५/
जेथे निश्चिती नसते तेथे तोतया येतो. कनोजकडचा सुखनिधान नावाचा मनुष्य ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला व किल्ल्यांवर कैदेत पडला. पुढे १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला मोकळे केले आणि पाहता पाहता हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली. रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडले, पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावरचे. केळकरांनीही उमेदीच्या काळात साताऱ्यात वकिली केली होती.

६/
साताऱ्याच्या गादीला तर हा प्रश्न जन्मापासून चिकटलेला दिसतो. शाहू महाराज १६८९ मध्ये मोगलांच्या हाती सापडले तेव्हा सात वर्षांचे होते. सुटले १७०७ मध्ये, पंचवीस वर्षांचे होऊन. मुलाचा चेहरा पुरुषाच्या चेहऱ्यात मिसळून गेला होता. हा शाहू नव्हे, तोतया आहे, असे ताराबाईंच्या पक्षाने जाहीर केले. तेव्हा परसोजी भोसल्यांनी शाहूंच्या ताटात जेवून आपली खात्री जगाला दाखवली, असे परंपरा सांगते. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडची लढाई झाली आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक. ओळख पटवली ती एका ताटाने आणि एका लढाईने.

७/
चाळीस वर्षांनी पट उलटा मांडला गेला. शाहूंना पुत्र नव्हता. आपला नातू रामराजा गुप्तपणे वाढत आहे, असे ताराबाईंनी सांगितले आणि शाहूंच्या मृत्यूनंतर जानेवारी १७५० मध्ये तो साताऱ्याच्या गादीवर बसला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि पुढे १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितले, की हा माझा नातू नव्हे. गंमत अशी, की तरीही रामराजा १७७७ पर्यंत छत्रपती म्हणून राहिला. तो खरा असणे किंवा खोटा असणे यापेक्षा तो असणे पेशव्यांच्या सोयीचे होते.

८/
ताट, लढाई, शपथ. या तिन्ही पुराव्यांत एक समान उणीव आहे. साक्ष देणाऱ्याला निकालात रस आहे. परसोजींनी पक्ष निवडला होता. ताराबाईंनी एकदा नातू म्हणून सांगितले आणि एकदा नाही म्हणून सांगितले; दोन्ही वेळा त्यामागे राज्याचा प्रश्न होता. यात कोणाची नीतिमत्ता काढण्याचा हेतू नाही. मनुष्याची स्मृती ही त्याच्या भवितव्यापासून वेगळी करता येत नाही, एवढेच. ज्याला निकालाशी काही देणेघेणे नाही असा साक्षीदार आणायचा कोठून?

९/
या प्रश्नाकडे मी दोन बाजूंनी आलो. सांगलीत दातांची आणि जबड्यांची क्ष-किरण चित्रे वाचणे हा माझा व्यवसाय. इतिहास हा छंद. आणि या दोन्हींत मला वाट दाखवली ती वाई आणि मिरज या कृष्णाकाठच्या दोन गावांनी. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये वाईस छापून काढला. त्यात पानिपतपर्यंतच्या काळातील अस्सल पत्रे होती. त्याच सुमारास मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांची दप्तरे चाळून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढीत होते.

१०/
राजवाड्यांचा आग्रह तुम्हांला ठाऊक आहे : बखरीपेक्षा अस्सल पत्र श्रेष्ठ. का? बखर लिहिणाऱ्याला ठाऊक असते, की आपण इतिहास लिहीत आहोत. शेवट काय झाला हेही त्याला ठाऊक असते. पत्र लिहिणाऱ्याला यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याला दाणावैरण हवी असते, हुंडी वटवायची असते, नदीला उतार कोठे मिळेल ते विचारायचे असते. तो पुरावा निर्माण करीत नाही; तो आपले काम करीत असतो. म्हणूनच त्याचे बोलणे दीडशे वर्षांनी पुरावा म्हणून खरे उतरते.

११/
जबड्याचा एक्स-रे हे असेच एक अस्सल पत्र आहे. दाढ दुखते म्हणून मनुष्य दवाखान्यात येतो. चित्र घेतले जाते ते कीड कोठवर गेली हे पाहण्यासाठी. त्या घटकेला ना रुग्णाच्या मनात मृत्यू असतो, ना डॉक्टरच्या मनात न्यायालय. त्या चित्राला कोणाचा वारसा सिद्ध करायचा नसतो की कोणाची गादी टिकवायची नसते. नेमके याच कारणाने ते पुढे कधी न्यायालयात ठेवले गेले, तर त्याचा शब्द ताटापेक्षा आणि शपथेपेक्षा वजनदार ठरतो.

१२/
आता एक योगायोग पाहा. ज्या १७७६ सालाच्या अखेरीस पुण्यात तोतया भाऊचा न्याय झाला, त्याच सालाच्या वसंतात अमेरिकेत बोस्टनला एक प्रेत उकरले गेले. डॉ. जोसेफ वॉरन आदल्या वर्षी जूनमध्ये बंकर हिलच्या लढाईत पडले होते. चेहरा ओळखण्याजोगा राहिला नव्हता. पॉल रिव्हिअर हा चांदीकाम करणारा कारागीर दातांचेही काम करीत असे. वॉरन यांचा कृत्रिम दात त्याने स्वतः तारेने बांधून दिला होता. ती तार त्याने ओळखली. वण आणि तार, दोन्ही जिवंतपणीच्या नोंदी. फरक इतकाच, की तार बसवणाऱ्याचे हात साक्ष द्यायला हजर होते.

१३/
पुढची पायरीही बोस्टनचीच. १८४९ मध्ये डॉ. जॉर्ज पार्कमन नाहीसे झाले आणि एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतील भट्टीत कृत्रिम दातांचे तुकडे मिळाले. ती कवळी करणारे दंतवैद्य नेथन कीप यांनी पार्कमन यांच्या जबड्याचा साचा जपून ठेवला होता. त्यांनी न्यायालयात तुकडे साच्यावर बसवून दाखवले. पार्कमन यांचा खालचा जबडा पुढे आलेला, ठेवण विलक्षण. दुसऱ्या कोणाला ते तुकडे बसणेच शक्य नव्हते. रिव्हिअरची साक्ष स्मृतीची होती. कीप यांच्या साक्षीला जतन केलेल्या वस्तूचा आधार होता. त्या दोघांच्या मधले अंतर म्हणजे बखर आणि पत्र यांमधले अंतर.

१४/
४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजाराला आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसे दगावली. कित्येक देह पूर्ण जळाले होते. नातलगांनी दागिने आणि कपड्यांवरून जमेल तेवढे ओळखले. उरलेल्यांसाठी त्यांचे दंतवैद्य बोलावण्यात आले. त्यांच्या वह्यांतील नोंदींवरून ओळखी पटल्या. या अनुभवावर आधारून ऑस्कर आमोएदो यांनी १८९८ मध्ये न्यायवैद्यकातील दंतशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वाईला राजवाड्यांचा पहिला खंड निघाला तेच हे वर्ष. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेले दोघे एकच गोष्ट सांगत होते : समकालीन नोंद शोधा.

१५/
दंतवैद्याच्या वहीत तरी लिहिणाऱ्याचा हात असतो आणि हात चुकू शकतो. तो हात बाजूला सारला क्ष-किरणांनी. राँटगेन यांना ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी सापडले. जानेवारी १८९६ मध्ये ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे निश्चल राहावे लागले. १९५० च्या सुमारास फिनलंडच्या युरयो पातेरो यांनी चेहऱ्याभोवती फिरत दोन्ही जबडे एकाच फिल्मवर उमटवणारे तंत्र विकसित केले. आज त्याला सगळे ‘ओपीजी’ म्हणतात. सांगली, मिरज, कराड, सातारा येथे दाताच्या दवाखान्यात गेलेल्यांपैकी अनेकांच्या घरी तशी एक फिल्म पडून असेल.

१६/
त्या फिल्मवर काय वाचायचे? भरलेल्या दाढांची कड. रूट कॅनालमध्ये भरलेल्या पांढऱ्या रेषेची लांबी आणि वळण. कॅप. जबड्यात आडवी रुतून बसलेली अक्कलदाढ. मुळांची संख्या, त्यांचा बाक. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या शिरेच्या नळीची वाट. हाडाच्या आतील जाळीची नक्षी. दाताचे वरचे कवच हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा. पाणी, माती आणि बरीचशी आग यांत चेहरा जातो, बोटांचे ठसे जातात, पण दात आणि जबडा बहुधा मागे राहतात.

१७/
तुलना करताना साम्ये मोजण्याआधी भेद तपासायचे असतात. भेद दोन जातींचे. २०१५ च्या चित्रात दाढ आहे आणि मिळालेल्या जबड्यात नाही, तर ती मधल्या काळात काढली असेल; हा भेद समजण्यासारखा. पण २०१५ मध्येच नसलेली दाढ मिळालेल्या जबड्यात हजर असेल, तर तो मनुष्य दुसरा. काढलेली पक्की दाढ पुन्हा उगवत नाही. असा एक भेद शंभर साम्यांना पुरून उरतो. इतिहासात आपण हेच करतो. जुन्या तारखेच्या पत्रात पुढच्या काळातील पदवी किंवा नाणे दिसले, की पत्र बनावट ठरते.

१८/
स्मृती आणि फिल्म यांची कसोटी जगाने एकदा पाहिली. मे १९४५ मध्ये बर्लिनला सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हाती एक जळका जबडा आला. हिटलरच्या दंतवैद्याची मदतनीस केटे हॉयझरमान आणि दंततंत्रज्ञ फ्रिट्झ एख्टमान यांनी दातांवरील पुलाची विशिष्ट बांधणी आठवणीतून सांगितली आणि ती जुळली. तरीही तो जिवंत असल्याच्या अफवा वर्षानुवर्षे चालत राहिल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी राइडार सोग्नेस आणि फर्डिनांड स्ट्रॉम यांनी अमेरिकी अभिलेखागारात मिळालेली १९४४ ची क्ष-किरण चित्रे आणि सोव्हिएत शवचिकित्सेची माहिती शेजारी शेजारी ठेवली. हिटलरचा तोतया निघण्याची वाट त्या फिल्मने बंद केली.

१९/
जिवंतपणीची नोंद मुळीच नसेल, तर जबडा मुका होतो का? अगदीच नाही. पण मग तो नाव सांगत नाही, गट सांगतो, नमस्कारांच्या घट्ट्यांसारखा. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुसरी बाराव्या, अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीस या काळात. इंग्लंडमध्ये १८३७ साली एडविन सॉन्डर्स यांनी हजारांहून अधिक मुलांचे दात तपासून दाखवले, की गिरणीत कामाला लावलेल्या मुलाचे वय उंचीपेक्षा दातांवरून अधिक बरोबर कळते. आईबाप आणि मालक दोघांनाही वय वाढवून सांगण्यात रस होता. दाताला नव्हता.

२०/
आज यासाठी १९७३ ची डेमिर्जियन पद्धत प्रसिद्ध आहे. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूचे सात दात घ्यायचे, प्रत्येकाची वाढ आठ टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे ते एक्स-रेवर पाहायचे, प्रत्येक टप्प्याचे गुण मिळवायचे आणि बेरजेवरून वय काढायचे. कोष्टके फ्रेंच-कॅनडियन मुलांवरची. भारतीय मुलांसाठी वेगळी सूत्रे धारवाडच्या संशोधकांनी मांडली. आपल्या बाल न्याय कायद्याचा क्रमही अर्थपूर्ण आहे : आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला, आणि कागद नसेल तरच वैद्यकीय तपासणी. कागद तारीख सांगतो, हाड अंदाज सांगते. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्या अंदाजातील एका वर्षाचे अंतर एखाद्याचे आयुष्य या बाजूला किंवा त्या बाजूला टाकू शकते.

२१/
म्हातारपणाची खूणही जबड्यात असते. हनुवटीच्या बाजूला हाडातून शीर बाहेर पडण्याचे एक छिद्र आहे. बाळाच्या जबड्यात ते खालच्या कडेजवळ असते, प्रौढाच्या मध्यावर आणि दात गेलेल्या वृद्धाच्या वरच्या कडेजवळ. छिद्र जागचे हलत नाही; भोवतालचे हाड वाढते आणि मग झिजते. बोळक्या तोंडाच्या आजोबांच्या एक्स-रेत हे पाहताना मला नेहमी गावाबाहेरचा जुना पार आठवतो. पार तेथेच असतो. गाव त्याच्याभोवती वाढते आणि ओसरते.

२२/
आपल्या भागाने सामूहिक मृत्यू पाहिलेले आहेत. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी गडावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, अडीचशेहून अधिक भाविक गेले. आप्तजन प्रेतांच्या रांगांतून आपले माणूस शोधीत फिरले. अशा वेळी डोळ्यांनी पटवलेली ओळख फसण्याची भीती मोठी असते. शोकाला उत्तर हवे असते आणि ते पहिल्या साम्याला धरून बसते. म्हणून इंटरपोल तीनच साधने प्रमुख मानते : बोटांचे ठसे, दातांची तुलना आणि डीएनए. तिन्हींना तुलनेसाठी दुसरी बाजू लागते. डीएनएलाही नातलगाचे किंवा मृताच्या वस्तूवरचे नमुने लागतातच.

२३/
ही दुसरी बाजू आपल्याकडे कशी हरवते, ते मी जवळून पाहिले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा एका दवाखान्यातील वर्षानुवर्षांच्या फिल्म तळघरात होत्या. फिल्मवरचा थर सरसाचा असतो. पाण्याने तो फुगतो आणि फिल्म एकमेकींना चिकटून गोळा होतात. आम्ही काही जण त्या सोडवायला गेलो होतो. एकही सुटली नाही. पुढे दोन पावसाळ्यांनी नदीकाठच्या एका गावातले एक वृद्ध गृहस्थ बेपत्ता झाले. काही आठवड्यांनी नदीच्या खालच्या अंगाला अवशेष मिळाले. ते ज्या दवाखान्यात जात असत, तो हाच.

२४/
पोलिसांनी घरच्यांना विचारले, दातांचे काही कागद आहेत का. मुलगा नाही म्हणाला. सून आत गेली आणि ट्रंकेतून सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली ठेवलेले एक मोठे पाकीट घेऊन आली. पुढे ते पाकीट तिने माझ्या टेबलावर ठेवले तेव्हा म्हणाली, “आप्पांच्या दाढंचा फोटू हाय सायेब. पैसं मोजून काढल्याला. टाकायचा कसा?” आप्पांना एकदा दाढेने हैराण केले होते, तेव्हाचा तो ओपीजी. दवाखान्याने मूळ फिल्म रुग्णाच्या हाती देण्याची आपल्याकडची पद्धत एरवी मला खटकते. त्या दिवशी तिच्यामुळेच फिल्म वाचली होती.

२५/
मिळालेल्या जबड्याचे शक्य तितके त्याच कोनातून चित्र घेतले. खालची डावी अक्कलदाढ दोन्हींत आडवी, पुढच्या दाढेला टेकलेली. रूट कॅनाल केलेल्या दाढेचे मागचे मूळ टोकाशी वाकलेले, भरण नेमके त्या वाकणाअलीकडे थांबलेले. उजवीकडे काढलेल्या दाढेची मोकळी जागा आणि तिच्यात कललेली शेजारीण. भेद एकच होता : फिल्ममध्ये असलेली वरची एक उपदाढ अवशेषांत नव्हती. पण तिच्या खोबणीच्या कडा तीक्ष्ण होत्या, हाड भरून आलेले नव्हते. म्हणजे ती मृत्यूनंतर गळालेली. भेद समजण्यासारखा निघाला. मी माझे मत लिहून दिले. निर्णय सक्षम अधिकाऱ्यांनी घेतला.

२६/
त्या निर्णयाने काय साधले? बेपत्ता मनुष्याची काही खबर नसेल, तर तो मृत आहे असे कायदा सर्वसाधारणपणे सात वर्षांनी मानू देतो. तोवर मृत्यूचा दाखला नाही, वारसनोंद नाही, बँकेतील पैसे नाहीत. हे झाले कागदाचे. त्या घरी एक सासूबाईही होत्या. कपाळाला कुंकू लावायचे की नाही, हे त्या माउलीला कोणी सांगू शकत नव्हते आणि ती कोणाला विचारीत नव्हती. पार्वतीबाईंविषयी मी पुष्कळ वाचले होते. त्यांच्या बावीस वर्षांचा अर्थ मला ग्रंथांतून कळला नव्हता, तो त्या ओसरीवर कळला.

२७/
म्हणून हा धागा तुमच्यासाठी, ज्यांना जुने कागद आवडतात त्यांच्यासाठी. एक्स-रे काही सर्वज्ञ नाही. चित्राचा कोन बदलला की आकार बदलतो. ज्याने कधी दाताच्या दवाखान्याची पायरीच चढली नाही, त्याच्याविषयी ते काहीच सांगू शकत नाही, आणि आपल्या खेड्यांत अशी माणसे पुष्कळ आहेत. पण जेथे फिल्म आहे, तेथे ती फेकली जाऊ नये. घरच्या वडीलधाऱ्यांची ओपीजी सापडली, तर पाकिटावर नाव, तारीख आणि दवाखान्याचे गाव लिहा. उजेडात धरून मोबाइलवर तिचे छायाचित्र घ्या आणि डावी-उजवी बाजू नोंदवा. मूळ फिल्म कोरड्या जागी, पुराच्या पातळीच्या वर ठेवा.

२८/
खरेशास्त्र्यांनी पटवर्धनांची दप्तरे चाळली, तेव्हा ती कोणीतरी दीडशे वर्षे रुमालांत बांधून, वाळवीपासून राखून ठेवलेली होती. राखणाऱ्यांना त्यांतून इतिहास निघेल याची कल्पना असेलच असे नाही. हिशेबाचे कागद आहेत, टाकायचे कसे, इतकाच विचार असेल. त्या सुनेचे वाक्य मला तेथे ऐकू येते. पुढील धाग्यात साताऱ्याच्या रामराजाच्या प्रकरणाकडे अधिक बारकाईने पाहू : त्या काळच्या पत्रांपैकी कोणती निकालात रस असलेल्यांची आहेत आणि कोणती केवळ दाणावैरणीची.